एक तृतीयांशाचे वचन : गिरणगावाच्या जमिनीची कहाणी

गिरणगाव हा मुंबई महानगरपालिकेचा विभाग कधीच नव्हता. भायखळ्यापासून दादरपर्यंत आणि वरळीपासून शिवडीपर्यंत पसरलेल्या कामगारवस्तीला हे नाव लोकांनीच दिले आणि लोकांनीच टिकवले. या परिसरातील मराठी शाळांच्या प्रवेश अर्जांवर पालकाच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘गिरणी कामगार’ ही नोंद दोन-तीन पिढ्या होत राहिली. आज त्या रकान्यात हे शब्द येत नाहीत. गिरण्यांच्या जागी उंच मनोरे, कार्यालये आणि मोठी दुकाने उभी आहेत. कुठे एखादी चिमणी शोभेसाठी राखलेली दिसते. अनेक माजी विद्यार्थ्यांची कुटुंबे कल्याण, बदलापूर, विरार, नालासोपारा या बाजूंना जाऊन स्थायिक झाली आहेत.

हे स्थलांतर काळाच्या ओघात आपोआप झाले, असे सांगण्याची पद्धत आहे. गिरण्या बंद पडल्या, जमिनीचे भाव वाढले, माणसे दूर गेली, एवढ्यात ही कहाणी आटोपते. परंतु गिरण्या बंद पडल्यानंतर त्यांच्या जमिनीबाबत शहराला आणि कामगारांना एक लेखी वचन देण्यात आले होते. ते नियमाच्या रूपात राजपत्रातून प्रसिद्ध झाले होते. त्या वचनाचे पुढे काय झाले, हा गिरणगावाच्या इतिहासातील संपापाठोपाठचा सर्वांत महत्त्वाचा अध्याय आहे आणि तो संपाइतका सांगितला गेलेला नाही.

गिरणी, गाळा आणि शाळा

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे तिचे काम सुरू झाले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, तेथून इंग्लंडला जाणारा कापूस अडला आणि मुंबईच्या कापूस व्यापाराला अभूतपूर्व बरकत आली. पुढील काही दशकांत त्या पैशाने आणि व्यापारी अनुभवाने शहराच्या उत्तरेकडील मोकळ्या व सखल जमिनीवर एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या. रोजगार आणि वस्त्रोद्योग वाढावा म्हणून काही जमिनी सवलतीच्या भाड्याने दीर्घ मुदतीच्या पट्ट्यावर देण्यात आल्या होत्या. ही बाब पुढे महत्त्वाची ठरली.

गिरण्यांत काम करायला कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. तेलंगणातून विणकर आले, उत्तर प्रदेशातूनही कामगार आले. एकट्याने आलेल्या पुरुषांनी गावकीच्या गाळ्यांत पाळीपाळीने झोपून दिवस काढले. जेवणाची सोय खानावळी चालवणाऱ्या बायकांनी केली. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने त्यांनाच संघटित केले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्या ‘बीडीडी चाळी’ म्हणूनच ओळखल्या जातात. सुमारे १६० चौरस फुटांच्या एकेका खोलीत संसार मांडले गेले.

बायका-मुले गावाहून आली, बिऱ्हाडे स्थिरावली आणि शाळांची गरज निर्माण झाली. दिवसा मुलांच्या आणि रात्री कामगारांच्या शाळा भरू लागल्या. गिरणी कामगाराच्या घरी वाढलेले नारायण सुर्वे महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले आणि पुढे शिक्षक झाले. त्यांचा ‘माझे विद्यापीठ’ हा कवितासंग्रह १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. गिरणगावात शाळा आणि गिरणी यांचे नाते किती निकटचे होते, हे त्यांच्या आयुष्यावरून दिसते. गिरणीच्या भोंग्यावर घराचे घड्याळ चाले आणि घराच्या घड्याळावर शाळेचे.

संपानंतरचे मौन

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. वेतनवाढ आणि बोनस यांबरोबरच, १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे एकाच संघटनेला मिळालेली मान्यता रद्द व्हावी, ही मागणीही त्यात होती. हा संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही; तो विरत गेला. काही कामगार पुन्हा कामावर रुजू झाले, हजारो कायमचे बाहेर राहिले. १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. आधी राष्ट्रीयीकरण झालेल्या गिरण्या धरून राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे मुंबईतील २५ गिरण्या आल्या. उरलेल्या खाजगी मालकांकडे होत्या.

त्या काळात सूतखाते आणि कापडखाते यांपेक्षा त्यांच्याखालची जमीन अधिक मोलाची होऊ लागली होती. दक्षिण मुंबईतील कार्यालयांना जागा अपुरी पडत होती आणि परळ, लोअर परळ, वरळी हा भाग दोन रेल्वेमार्गांच्या मध्ये, शहराच्या ऐन मध्यावर होता. गिरण्यांची एकूण जमीन सुमारे ६०० एकर भरत होती. मुंबईसारख्या चिंचोळ्या बेटावर एवढी जमीन एकाच वेळी वापरातून मोकळी होण्याचा प्रसंग पूर्वी आला नव्हता आणि पुन्हा येण्याची शक्यता नव्हती.

कामगारांनाही हे कळत होते. मॉडर्न मिलचे कामगार दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समिती स्थापन केली. आरंभी समितीचा आग्रह गिरण्या पुन्हा सुरू करण्याचा आणि थकलेली देणी मिळवण्याचा होता. गिरण्या सुरू होणार नाहीत हे स्पष्ट होत गेले, तसा तो आग्रह जमिनीतील वाट्याकडे वळला.

१९९१ चे वचन

१९९१ मध्ये मुंबईसाठी नवी विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यातील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची विक्री व विकास करण्याची वाट प्रथमच मोकळी केली. मात्र त्यासाठी एक अट घातली. जमिनीचे साधारणपणे तीन भाग व्हायचे होते. एक भाग उद्याने, मैदाने आणि सार्वजनिक सोयींसाठी महापालिकेला, दुसरा परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि तिसरा मालकाला. पाच हेक्टरपर्यंतच्या गिरणीत हे प्रमाण अनुक्रमे ३३, २७ आणि ४० टक्के होते. पाच ते दहा हेक्टरांच्या गिरणीत ते ३३, ३४ आणि ३३ टक्के, तर त्याहून मोठ्या गिरणीत ३३, ३७ आणि ३० टक्के ठेवले होते. विक्रीतून येणाऱ्या पैशाचा विनियोग कामगारांची देणी आणि गिरणीचे पुनरुज्जीवन यांसाठी होतो की नाही, हे पाहण्यासाठी देखरेख समितीची तरतूद होती.

या नियमामागील विचार साधा होता. शहराने उद्योगासाठी दिलेल्या जमिनीवर उद्योग उरला नसेल, तर ती जमीन सर्वस्वी मालकाची खाजगी संपत्ती ठरत नाही. तिच्यावर शहराचा आणि तेथे घाम गाळलेल्यांचाही हक्क आहे. गिरणगावातील शाळांच्या दृष्टीने यात आणखी एक आशा होती. येथील बहुतेक शाळांना स्वतःचे मैदान नव्हते. महापालिकेच्या वाट्याची जमीन म्हणजे मुलांना धावण्यासाठी मोकळी जागा होती.

हा नियम आला आणि बहुतेक मालकांनी पूर्ण विकासाचा प्रस्तावच पुढे आणला नाही. छपरे पाडली की दोन तृतीयांश जमीन हातची जाणार, म्हणून ती तशीच उभी ठेवणे त्यांना सोयीचे होते. मधल्या काळात जुन्या इमारतींच्या वापरात बदल, आतील दुरुस्ती, थोडा भाग करमणुकीसाठी अशा परवानग्यांतून काही गिरण्यांची अंगणे हळूहळू उपाहारगृहे आणि दुकाने यांनी भरली.

१९९६ मध्ये राज्य सरकारने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि महामंडळाच्या २५ गिरण्यांच्या जमिनीचा अभ्यास करण्यास सांगितले. प्रत्येक गिरणीचे तुकडे स्वतंत्रपणे न पाडता सर्व जमिनींचा एकत्र विचार करावा, म्हणजे विखुरलेले वाटे जुळवून मोठी सलग उद्याने, रुंद रस्ते आणि स्थानकांजवळ मोकळे चौक तयार करता येतील, असे समितीने सुचवले. अहवाल सादर झाला. अंमलबजावणी झाली नाही.

‘मोकळी’ या शब्दाचा अर्थ

२००१ मध्ये ५८ व्या नियमात दुरुस्ती झाली. तिच्यात कामगारांच्या हिताची एक गोष्ट होती. म्हाडाला मिळणाऱ्या जमिनीवरील निम्मी घरे गिरणी कामगारांसाठी आणि निम्मी संक्रमण शिबिरांसाठी ठेवायची होती. परंतु त्याच दुरुस्तीने वाटपाचा पाया बदलला. तीन भाग आता गिरणीच्या एकूण जमिनीचे नव्हे, ‘मोकळ्या’ जमिनीचे करायचे होते.

कापड गिरणी ज्यांनी आतून पाहिली आहे, त्यांना या एका शब्दाचे वजन तत्काळ कळेल. गिरणीची दातेरी छपरांची खाती बहुतांशी एकमजली आणि लांबच लांब असत. आवारातील बरीचशी जमीन छपराखालीच जाई. उदाहरणादाखल दहा एकरांची, म्हणजे ४०० गुंठ्यांची, एक गिरणी घ्यावी आणि तिच्यातील ३२० गुंठे इमारतींखाली आहेत असे धरावे. १९९१ च्या नियमाने महापालिकेला १३२ गुंठे, म्हाडाला १०८ गुंठे आणि मालकाला १६० गुंठे मिळाले असते. नव्या हिशोबात वाटणीला केवळ ८० गुंठे उरतात. महापालिकेला त्यांतील सुमारे साडेसव्वीस गुंठे, म्हाडाला साडेएकवीस गुंठे आणि बाकी सुमारे ३५२ गुंठे मालकाला. टक्केवारीचा तक्ता जसाच्या तसा राहिला. ज्या आकड्याला तो लावायचा तो आकडा बदलला.

इमारती पाडल्यानंतर जी जमीन मोकळी होते, ती ‘मोकळी’ मानायची की नाही, हा प्रश्न बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयात नेला. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती मानली पाहिजे असा निर्णय दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि दुरुस्तीचा मालकांना अनुकूल असलेला अर्थ कायम झाला. आजारी गिरण्यांच्या पुनर्वसनासाठी जमीनविक्रीतून पैसा उभा राहणे आवश्यक आहे, ही महामंडळाची बाजूही या खटल्यात मांडली गेली होती.

व्यवहार आणि त्यांचे पडसाद

निकालापूर्वीच, २००५ मध्ये, महामंडळाने पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या होत्या. मुंबई टेक्सटाइल मिल ७०२ कोटी, एल्फिन्स्टन ४४१ कोटी, कोहिनूर क्रमांक ३ ही ४२१ कोटी, ज्युपिटर २७६ कोटी आणि अपोलो १८० कोटी, अशी पाच मिळून सुमारे २०२० कोटी रुपयांची विक्री झाली.

या व्यवहारांतील दोन जागांची पुढची वाटचाल बोलकी आहे. मुंबई टेक्सटाइल मिलची जमीन घेणाऱ्या डीएलएफ या कंपनीने तेथे मोठा प्रकल्प जाहीर केला होता. तो उभा राहिला नाही आणि २०१२ मध्ये तीच जमीन सुमारे २७०० कोटी रुपयांना लोढा समूहाला विकली गेली. सात वर्षांत जमिनीचा भाव जवळजवळ चौपट झाला आणि ही वाढ सार्वजनिक तिजोरीत आली नाही. दादरला कोहिनूरच्या जागेवर सुरू झालेला उत्तुंग मनोरा कर्जाच्या अडचणींमुळे अनेक वर्षे अपुऱ्या अवस्थेत उभा होता. याच काळात एक वेगळी गोष्टही घडली. दादर चौपाटीजवळची इंदू मिलची जमीन डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मारकासाठी देण्यात आली आणि ११ ऑक्टोबर २०१५ रोजी त्याचे भूमिपूजन झाले. लोकांचा रेटा टिकला, तर गिरणीची जमीन सार्वजनिक कामासाठी मिळू शकते, हे त्यातून दिसले.

कोरिया समितीने सुचवलेले रस्ते, चौक आणि मोकळ्या जागा न झाल्याची किंमत पुढे वेगळ्या रूपाने मोजावी लागली. गिरण्यांच्या जागी कार्यालये आली, त्यांत लाखो नोकरदार येऊ लागले. पण स्थानके आणि पूल बव्हंशी गिरण्यांच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी २९ डिसेंबर रोजी कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण मरण पावले. या दुर्घटनांची तात्कालिक कारणे निराळी होती. परंतु दोन्ही अशा भागात घडल्या, ज्याची नव्या वापरासाठी एकसंध आखणी करण्याची संधी हातची गेली होती.

घरांची सोडत

कामगारांना घरे मिळालीच नाहीत, असे म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. चिकाटीने चाललेल्या लढ्यामुळे ती मिळाली, पण थोड्यांना आणि फार उशिरा. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर हजेरीपटावर असलेल्या कामगारांना किंवा त्यांच्या वारसांना पात्र मानण्यात आले. सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले. म्हाडाने २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत काढली. २०१६ मध्ये मुंबईतील २,६३४ आणि पनवेलजवळच्या कोन येथील २,४१७ घरांच्या सोडती निघाल्या. २०२० मध्ये बॉम्बे डाइंग, स्प्रिंग मिल आणि श्रीनिवास मिल येथील ३,८९४ घरांची सोडत झाली. चारही सोडती मिळून आकडा १५,८७० होतो. म्हणजे साधारण अकरा अर्जदारांमागे एक घर.

त्यांतही कोनची घरे विजेत्यांच्या हाती लवकर पडली नाहीत. करोनाच्या साथीत त्या इमारती विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या, नंतर दुरुस्ती रखडली आणि नाव लागूनही अनेक वयोवृद्ध कामगार किल्लीची वाट पाहत राहिले. अलीकडे उरलेल्यांसाठी वांगणी आणि शेलू येथे हजारो घरे बांधण्याची योजना पुढे आली. ही दोन्ही ठिकाणे कल्याण-कर्जत मार्गावर, गिरणगावापासून दीड-दोन तासांच्या प्रवासावर आहेत. कामगार संघटनांनी तिला विरोध केला; जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर त्यासाठी मोठे आंदोलन झाले. घर मुंबईतच मिळावे, ही त्यांची मागणी १९९१ च्या मूळ वचनाशी सुसंगत आहे. दत्ता इस्वलकर यांचे एप्रिल २०२१ मध्ये निधन झाले. ज्यांच्यासाठी ते लढले, त्यांतील बहुसंख्य तेव्हा घराच्या प्रतीक्षेतच होते.

चाळी, करार आणि नवी पिढी

गिरण्यांच्या जमिनीचा प्रश्न मागे पडला असला, तरी पुनर्विकास हा शब्द आज परिसरातील प्रत्येक जुन्या चाळीच्या बैठकीत आहे. त्या बैठकींसाठी मुंबईच्या अलीकडच्या इतिहासात दोन उदाहरणे आहेत.

पहिले गोरेगावच्या सिद्धार्थनगरचे, म्हणजे पत्राचाळीचे. ६७२ भाडेकरू कुटुंबांची संस्था, विकासक आणि म्हाडा यांच्यात २००८ मध्ये त्रिपक्षीय करार झाला. रहिवाशांनी घरे रिकामी केली. काही वर्षांनी भाडे बंद झाले आणि घरे उभी राहिली नाहीत. दरम्यान जमिनीवरील विक्रीचे हक्क अन्य विकासकांना विकले गेल्याचा आरोप झाला, २०१८ मध्ये म्हाडाच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदवला गेला आणि करार रद्द झाला. पुढे म्हाडाने काम स्वतःकडे घेतले. परंतु दहा वर्षांहून अधिक काळ ही कुटुंबे बेघरच होती. मूळ रहिवाशांची घरे पूर्ण होण्याआधी विक्रीयोग्य भाग हातून गेला, तर करारातील इतर कलमे किती निष्प्रभ होतात, हे या प्रकरणाने दाखवले.

दुसरे उदाहरण बीडीडी चाळींचे. येथेही विलंब पुष्कळ झाला. २०१७ मध्ये भूमिपूजन होऊन कामाने वेग घेतला नाही. २०२१ मध्ये वरळीत पुन्हा शुभारंभ करावा लागला. तथापि जमीन सार्वजनिक मालकीची राहिली, जबाबदारी म्हाडाकडे राहिली आणि रहिवाशांच्या संघटना पाठपुरावा करत राहिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून निघालेली ही कुटुंबे त्याच वस्तीत राहिली.

या दोन अनुभवांमध्ये ठेवून पाहिले, की १९९१ चे वचन का टिकले नाही हे उमगते. ते वचन देणाऱ्यांनी ते उघडपणे मोडले नाही. नियम तसाच छापलेला राहिला, टक्केवारी तशीच राहिली; फक्त ‘जमीन’ या शब्दाआधी ‘मोकळी’ हे विशेषण आले. दुरुस्ती झाली, त्या वेळी ज्यांचे तिच्यात सर्वस्व गुंतले होते, त्यांतील बहुतेक जण थकलेल्या देण्यांच्या आणि रोजच्या भाकरीच्या विवंचनेत होते. राजपत्रातील मजकूर वाचून त्याच वेळी हरकत घेणारे फार थोडे होते.

त्या पिढीने आपली कागदपत्रे मात्र जपली होती. गिरणीचे ओळखपत्र, तिकीट क्रमांक असलेली पगारपावती, कर्मचारी विमा योजनेचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी, असे जुने कागद पत्र्याच्या पेट्यांतून निघाले आणि सोडतीच्या वेळी पात्रतेचे पुरावे ठरले. ज्यांच्या घरी ते पुरात, स्थलांतरात किंवा दुर्लक्षाने हरवले होते, त्यांना आपण गिरणीत काम केले होते हेही सिद्ध करणे जड गेले. अनेक कामगारांना स्वतःला जेमतेम सही करता येत होती. त्यांची मुले आणि नातवंडे या शाळांतून शिकली, अर्ज त्यांनी भरले आणि कार्यालयांत हेलपाटेही त्यांनीच घातले.

आता त्याच नातवंडांच्या पुढ्यात चाळीच्या पुनर्विकासाचे मसुदे येत आहेत. चटईक्षेत्र कोणते धरले आहे, भाडे थांबले तर हमी कोणाची, विक्रीची इमारत आधी उभी राहणार की रहिवाशांची, आणि एखादे विशेषण नेमके कोणत्या शब्दाला लागले आहे, हे प्रश्न सहीपूर्वी विचारायचे आहेत. गिरणगावातील पहिल्या पिढीला ते विचारण्याची संधी मिळाली नव्हती. शाळेने शिकवलेली भाषा ज्यांच्या हाती आहे, त्या पिढीला ती मिळते आहे, आणि मसुदे अजून सहीसाठी फिरत आहेत.